विश्लेषण : खाली ग्रॅनाइट, भोवती समुद्र... बेटांवरच्या गोड्या पाण्याचे काय होणार?

ब्रिटनची सिली बेटे आणि नॉर्वेची व्हालेर बेटे यांच्यात शेकडो किलोमीटरचे अंतर आहे. मात्र दोन्हीकडे पायाखालचा खडक ग्रॅनाइट आहे, भोवती समुद्र आहे आणि नदी नाही. दोन्हीकडे पिढ्यानपिढ्या पिण्यासाठी विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्याचा आधार घेतला गेला. तरीही दोन्हीकडच्या भूजलाचे दुखणे वेगळे आहे. सिलीत काळजी आहे ती वरून झिरपणाऱ्या नायट्रेटची, क्षारांची आणि आम्लतेची. व्हालेरमध्ये खडकातूनच येणाऱ्या फ्लोराईड, युरेनियम आणि रेडॉनची. असे का होते आणि पर्यटन, हवामानबदल व समुद्राची वाढती पातळी यांच्या काळात या पाण्याचे भवितव्य काय, याचा आढावा.

ही बेटे नेमकी कुठे आहेत?

सिली बेटे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून, म्हणजे कॉर्नवॉलच्या ‘लँड्स एंड’पासून, सुमारे ४५ किलोमीटरवर अटलांटिक महासागरात आहेत. सेंट मेरीज, ट्रेस्को, सेंट मार्टिन्स, ब्रायर आणि सेंट अ‍ॅग्नेस या पाच बेटांवर मिळून साधारण दोन हजार लोक राहतात. सगळ्या बेटांचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस किलोमीटर. सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून जेमतेम ५० मीटरवर. पर्यटन आणि सुगंधी नार्सिसस फुलांची शेती हे येथील मुख्य व्यवसाय. उन्हाळ्यात पर्यटकांमुळे बेटांवरील माणसांची संख्या दुपटीहून अधिक होते आणि पाऊस सर्वांत कमी असतो तोही याच दिवसांत.

व्हालेर हा नॉर्वेच्या आग्नेय टोकाला, ओस्लोच्या खाडीच्या तोंडाशी, स्वीडनच्या सीमेलगत असलेला द्वीपसमूह. तेथेही सुट्टीत राहायला येणाऱ्यांची चार हजारांहून अधिक घरे आहेत. येथील ग्रॅनाइट सुमारे ९२ कोटी वर्षे जुना, तर सिलीचा सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचा. ओस्लोतील फ्रोग्नर उद्यानात गुस्ताव्ह विगेलान यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला प्रसिद्ध ‘मोनोलिथ’ व्हालेरच्या परिसरातील याच ग्रॅनाइटच्या एका अखंड दगडातून कोरलेला आहे. या दोन द्वीपसमूहांच्या भूजलाची तुलना करणारा डेव्हिड बँक्स, क्लेमेन्स रायमन आणि हेल्गे स्कारफागेन यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. खडक सारखा असला तरी पाणी सारखे असेलच असे नाही, ही बाब त्यातून ठळकपणे पुढे आली.

ग्रॅनाइटमध्ये पाणी साठते तरी कुठे?

ग्रॅनाइट हा गारगोटी, फेल्स्पार आणि अभ्रक या खनिजांचा घट्ट खडक. वाळूच्या थरात कणाकणांमध्ये पाणी राहते, तशी पोकळी त्यात जवळपास नसते. पाणी राहते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे खडकाचा वरचा झिजून मुरूम झालेला थर आणि दुसरे म्हणजे त्याखालच्या अखंड खडकातील भेगा. महाराष्ट्रात काळ्या खडकात विहीर खोदणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. एका विहिरीला झरा लागतो आणि शंभर फुटांवरची दुसरी कोरडी जाते, कारण भेग तिकडे गेलेलीच नसते.

बेटावर यात आणखी एक अडचण असते. साठा भरण्याचा एकमेव मार्ग म्हणजे त्या बेटावर पडणारा पाऊस. मुख्य भूमीवर दूरच्या डोंगरावरचे पाणी जमिनीखालून येऊ शकते, छोट्या बेटावर तशी सोय नाही. सिलीत वर्षाला साधारण ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बराचसा भाग बाष्पीभवनात आणि झाडाझुडपांत जातो. उरलेले मुरते, भेगांतून फिरते आणि किनाऱ्याला समुद्रात मिळते. साठा लहान असल्याने एखादा कोरडा हिवाळा गेला, तरी पुढच्या उन्हाळ्यात त्याचा परिणाम दिसू लागतो.

विहीर खारट झाली म्हणजे समुद्र आत आला का?

नेहमीच नाही. बेटांच्या भूजलातील मीठ अनेक वाटांनी येते. पहिली वाट आकाशातून. वादळी वाऱ्याबरोबर उडणारे समुद्राचे तुषार जमिनीवर आणि झाडांवर बसतात आणि पावसाबरोबर मुरतात. बाष्पीभवनात पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. त्यामुळे समुद्राचा थेंबही जमिनीखालून आत न येता बेटावरच्या विहिरीत क्लोराईडचे प्रमाण मुख्य भूमीपेक्षा बरेच जास्त असू शकते.

दुसरी वाट भूगर्भातली. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते त्यावर तरंगत राहते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर गोड्या पाण्याचा थर समुद्रसपाटीखाली साधारण ४० मीटरपर्यंत जातो, असा गिबेन-हर्झबर्ग नावाने ओळखला जाणारा ढोबळ हिशेब आहे. या हिशेबाची दुसरी बाजू चिंतेची आहे. उपशामुळे पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालून खारे पाणी २० मीटर वर सरकू शकते. ग्रॅनाइटमध्ये तर हा हिशेबही तंतोतंत लागू पडत नाही. समुद्राशी थेट जोडलेली एखादी भेग बोअरमध्ये उघडली, तर शेजारच्या सगळ्या विहिरी गोड्या असताना तेवढा एक बोअर मचूळ होतो.

यासाठी किती समुद्र पुरतो? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराईड असते. म्हणजे गोड्या पाण्यात एक टक्का समुद्राचे पाणी मिसळले, तरी क्लोराईड लिटरमागे जवळपास १९० मिलीग्रॅमने वाढते. २५० मिलीग्रॅमच्या पुढे जिभेला खारटपणा जाणवू लागतो. म्हणजेच बादलीभर पाण्यात एखाद-दुसरा पेला समुद्र आला, तरी विहीर पिण्यासाठी नकोशी होते.

सिलीचे पाणी आम्लधर्मी का?

पावसाचे पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असते, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असतो. जमिनीत मुरताना मुळे आणि जिवाणू यांच्यामुळे त्यात आणखी कार्बन डायऑक्साइड मिसळतो. चुनखडीच्या प्रदेशात खडक ही आम्लता चटकन शोषून घेतो. ग्रॅनाइटमध्ये चुना नगण्य. फेल्स्पारसारखी खनिजे आम्लता कमी करतात, पण अत्यंत सावकाश. पाणी उथळ थरातून थोड्या काळात फिरून विहिरीत आले, तर त्याला ही संधीच मिळत नाही.

असे पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला मऊ असते. मात्र ते नळांना खाते. तांब्याच्या नळांतून तांबे आणि जुन्या घरांतील शिशाच्या नळांतून शिसे विरघळून पाण्यात उतरते. येथे दोष विहिरीचा दिसत असला, तरी धातू येतो घराच्या आतून. त्यामुळे नमुना विहिरीवरून घेतला की स्वयंपाकघराच्या नळातून, यावर तपासणीचा निष्कर्ष बदलू शकतो.

व्हालेरमध्ये फ्लोराईड आणि रेडॉन कुठून आले?

याचे उत्तर बरेचसे हिमयुगात आहे. शेवटच्या हिमयुगातील बर्फाची चादर सिलीच्या उत्तर कडेपर्यंतच पोहोचली. त्यामुळे तेथे लाखो वर्षांत तयार झालेला मुरमाचा थर बऱ्याच ठिकाणी टिकला. तो पावसाने इतका धुतला गेला आहे की, सहज विरघळणारे घटक त्यात फारसे उरलेले नाहीत. व्हालेरमध्ये उलट घडले. जाड हिमनद्यांनी वरचा सगळा मुरूम खरवडून नेला आणि ताजा, न झिजलेला खडक उघडा पडला. बर्फ वितळल्यावर ही बेटे समुद्राखाली होती. बर्फाचे ओझे उतरल्याने जमीन वर येत गेली आणि ती बाहेर आली. खळग्यांत समुद्री चिकणमाती मागे राहिली.

मुरूम नसल्याने तेथे पाण्यासाठी थेट खडकात खोल बोअर घ्यावे लागतात. अशा भेगांत पाणी दीर्घकाळ ताज्या खनिजांच्या संपर्कात राहते. हळूहळू त्याची आम्लता जाते आणि ते अल्कधर्मी होते. त्यातील कॅल्शियम कमी होऊन सोडियम वाढते. याचा थेट परिणाम फ्लोराईडवर होतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर ते फ्लोराईडला धरून ठेवते आणि त्याचे प्रमाण फार वाढू देत नाही. कॅल्शियम संपले की हा लगाम सुटतो.

युरेनियम हा ग्रॅनाइटमध्ये अल्प प्रमाणात नैसर्गिकरीत्याच असतो. त्याच्या विघटनातून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू तयार होतो. रेडॉनला रंग, वास, चव नाही आणि त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा आहे. १९९८ च्या तुलनेत व्हालेरच्या पाण्यात हे तिन्ही घटक सिलीपेक्षा ठळकपणे जास्त आढळले. समुद्री क्षारांचा ठसा मात्र दोन्हीकडे होता.

याचा आरोग्याशी संबंध काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे फ्लोराईडसाठी १.५ मिलीग्रॅम, नायट्रेटसाठी ५० मिलीग्रॅम आणि युरेनियमसाठी ३० मायक्रोग्रॅम आहेत. जास्त फ्लोराईडमुळे आधी दातांवर डाग पडतात आणि वर्षानुवर्षे प्यायल्यास हाडे व सांधे कडक होतात. पाण्यातील युरेनियमची मर्यादा किरणोत्सारामुळे नव्हे, तर मूत्रपिंडावरील रासायनिक परिणाम लक्षात घेऊन ठरवलेली आहे.

रेडॉनचा धोका पिण्यापेक्षा श्वासातून अधिक असतो. अंघोळ करताना, कपडे धुताना तो पाण्यातून सुटून घराच्या हवेत मिसळतो. पाण्यात लिटरमागे १,००० बेकरेल रेडॉन असेल, तर घरातील हवेत घनमीटरमागे सुमारे १०० बेकरेलची भर पडते, असे ढोबळ प्रमाण वापरले जाते. दीर्घकाळ रेडॉन श्वासात गेल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. यातला दिलासा एवढाच की, पाण्यातून हवा खेळवली की रेडॉन सहज निघून जातो. युरेनियम आणि फ्लोराईड तसे जात नाहीत. त्यांच्यासाठी आयन एक्स्चेंज किंवा आरओसारखी यंत्रणा लागते. पाणी उकळूनही ते कमी होत नाहीत.

मग अधिक खोल बोअर घेणे हा उपाय का नाही?

उथळ विहीर दूषित झाली की खोल जायचे, हा सर्वत्र दिसणारा स्वाभाविक प्रतिसाद. ग्रॅनाइटच्या बेटावर मात्र खोली बदलली की धोका संपत नाही, त्याचा प्रकार बदलतो. उथळ पाणी तरुण असते. त्यात खडकातले घटक कमी, पण जमिनीवरचे सगळे काही चटकन उतरते. सिलीत फुलशेतीचे खत, गुरांचे शेण-मूत आणि घरोघरच्या सेप्टिक टँकमधून झिरपणारे सांडपाणी वाळूसारख्या पातळ मातीतून खाली जाते. नायट्रेट पाण्याबरोबर सहज वाहते. तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्यामुळे घटू शकते. सेप्टिक टँकजवळच्या विहिरीत रोगजंतूंचा धोका वेगळाच.

खोल पाणी वयस्क असते. नायट्रेट आणि जंतू तेथे सहसा कमी, मात्र फ्लोराईड, युरेनियम यांची शक्यता वाढते. शिवाय खोली वाढेल तसे खालचे खारे पाणी जवळ येते. कोणत्या मर्यादेपर्यंत खोल जावे, याचे एकच उत्तर संपूर्ण बेटाला लागू होत नाही. त्यामुळे प्रत्येक बोअर वेगळा तपासण्याला पर्याय नाही. फक्त जंतूंची चाचणी केली आणि अहवाल चांगला आला, म्हणून युरेनियम किंवा फ्लोराईड नाही असे म्हणता येत नाही.

२०२० मध्ये सिलीत काय बदलले?

इंग्लंडमध्ये पाणीपुरवठा, पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता आणि पाणीउपसा यांचे जे कायदे लागू होते, त्यांपैकी बरेचसे सिलीला लागू नव्हते. काही बेटांवर स्थानिक परिषद पाणी देत असे, ट्रेस्कोवर खासगी इस्टेट आणि इतरत्र लोकांचे स्वतःचे बोअर. १ एप्रिल २०२० पासून हे चित्र बदलले. पाणी आणि सांडपाण्याची जबाबदारी ‘साऊथ वेस्ट वॉटर’ या कंपनीकडे गेली आणि मुख्य भूमीचे पाणीविषयक कायदे बेटांपर्यंत आले. ‘ड्रिंकिंग वॉटर इन्स्पेक्टोरेट’ची देखरेखही आली.

या बदलाने सार्वजनिक पुरवठ्याला निकष आणि जबाबदार यंत्रणा मिळाली. मात्र इंग्लंडच्या नियमांतच काही फटी आहेत. दिवसाला २० घनमीटर, म्हणजे २० हजार लिटरपर्यंतच्या उपशासाठी परवाना लागत नाही. एकाच कुटुंबाच्या वापरातील खासगी विहिरीची तपासणी मालकाने मागणी केल्यासच होते. मोठ्या भूभागावर २० घनमीटर ही नगण्य गोष्ट आहे. एक-दोन चौरस किलोमीटरच्या बेटावर असे अनेक बोअर असतील, तर त्यांचा एकत्रित उपसा संपूर्ण साठ्याचे संतुलन ठरवू शकतो.

समुद्राचे पाणी गोडे केले तर प्रश्न सुटेल?

काही अंशी. सेंट मेरीजवर भूजलाच्या जोडीला समुद्राचे पाणी गोडे करणारे केंद्र आहे. अलीकडच्या काळात क्षमता वाढवण्याचे आणि लहान बेटांवरही अशी केंद्रे उभारण्याचे प्रस्ताव पुढे आले. त्याचा मोठा फायदा म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पर्यटकांच्या गर्दीच्या दिवसांत, विहिरींवरचा ताण कमी होतो. असे पाणी भूजलात मिसळले की नायट्रेटचे प्रमाणही खाली येते.

तोटेही आहेत. या प्रक्रियेला वीज भरपूर लागते. दाट खारे पाणी पुन्हा समुद्रात सोडावे लागते आणि त्यासाठी किनाऱ्यावरच्या जिवांना इजा होणार नाही अशी जागा निवडावी लागते. यंत्र बंद पडले आणि समुद्र खवळलेला असेल, तर सुटा भाग मुख्य भूमीवरून यायला दिवस लागू शकतात. अशा वेळी आधार भूजलाचाच. केंद्र आले म्हणून विहिरींच्या आसपासच्या जमिनीकडे दुर्लक्ष झाले, तर हा आधार गरजेच्या वेळी कामाला येणार नाही.

हवामानबदलाचा किती परिणाम?

सेंट मेरीजवर ‘हायर मूर्स’ आणि ‘लोअर मूर्स’ या सखल पाणथळ जागा आहेत. बेटाचे पाणी येथूनच उपसले जाते आणि त्या समुद्रापासून अगदी जवळ आहेत. मध्ये आहे तो वाळू-गोट्यांचा नैसर्गिक बांध. मोठ्या वादळात लाटा हा बांध ओलांडून आत आल्या, तर खारे पाणी वरून थेट विहिरींच्या क्षेत्रात उतरते आणि ते धुऊन निघायला पुढचे पावसाळी महिने जावे लागतात. समुद्राची पातळी वाढेल तशी ही शक्यता वाढते. म्हणूनच बेटांवर वाळूचे बांध मजबूत करण्याची जी कामे झाली, त्यांत घरांबरोबर गोड्या पाण्याचे रक्षण हेही उद्दिष्ट होते.

भारतात अशी परिस्थिती आहे का?

मुंबईजवळचे घारापुरी बेट बेसॉल्टचे आहे, त्यामुळे तेथील रसायन वेगळे. मात्र व्हालेरच्या फ्लोराईडमागची प्रक्रिया भारताला चांगलीच परिचित आहे. तेलंगणातील नलगोंडा हा ग्रॅनाइटी खडकांचा जिल्हा. तेथील भूजलातील फ्लोराईडची समस्या जुनी आहे आणि अनेक पिढ्यांनी त्याची किंमत हाडांनी मोजली. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड काढण्याची स्वस्त पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, विकसित केली. ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणूनच जगभर ओळखली जाते. पुढे नलगोंडाला कृष्णेचे पाणी नळाने आणता आले. भर समुद्रातल्या सिलीसारख्या बेटाला ही वाट सहजासहजी उपलब्ध नसते.

पुढे काय करता येईल?

तज्ज्ञांच्या दृष्टीने यातील बरीचशी कामे साधी आहेत. विहिरीभोवतीच्या क्षेत्रात खताचा वापर मर्यादित ठेवणे, सेप्टिक टँक विहिरीच्या वरच्या अंगाला येऊ न देणे, गळती थांबवणे, उन्हाळ्यातील उपसा अनेक बोअरमध्ये विभागून घेणे आणि क्लोराईडवर सतत नजर ठेवणे. क्लोराईड वाढू लागले की ती पहिली सूचना असते आणि त्याच टप्प्यावर पंप कमी वेळ चालवला, तर विहीर सावरू शकते. खोल बोअरच्या बाबतीत फ्लोराईड, युरेनियम आणि रेडॉन यांची तपासणी बोअर वापरात आणण्यापूर्वीच व्हायला हवी.

खरी अडचण खर्चाच्या वाटणीची आहे. दोन हजार लोकांसाठी मोठ्या शहरासारखी तपासणी आणि शुद्धीकरण यंत्रणा उभारायची, तर दरडोई खर्च कितीतरी जास्त येतो. तो बेटवासीयांनी द्यायचा, मुख्य भूमीवरच्या ग्राहकांनी की उन्हाळ्यात येणाऱ्या पर्यटकांनी, हा निर्णय अखेर राजकीय आहे. तो लांबला तरी पाऊस, खत आणि सांडपाणी मुरायचे थांबत नाही. आज बेटाच्या जमिनीवर जे पडते, ते ग्रॅनाइटच्या भेगांतून उद्या पिण्याच्या पाण्यात येणार आहे.